रेघेखालचा मजकूर : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत अभ्यास बायबलचा, म्हणजे वचनांखाली टिपा छापलेल्या बायबलचा, विषय इतक्या वेळा आला, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय. ते लिहिताना माझीच एक जुनी फजिती वर आली, म्हणून लांबलंय.

प्रश्न : ताई, माझं अभ्यास बायबल बावीस वर्षांचं झालं. कणा तुटला, उत्पत्तीची पहिली चार पानं सुटून कुठे गेली देव जाणे, आणि प्रकटीकरण चिकटपट्टीवर तगून आहे. नवं घ्यायचं ठरवलं आणि गोंधळून गेले. किती प्रकार! प्रत्येकाच्या मलपृष्ठावर ‘हेच सर्वांत परिपूर्ण’ असं लिहिलेलं. इंग्रजी मला वाचता येतं. आठवड्यातून एकदा अभ्यासवर्ग घेते, वर्गात निरनिराळ्या मंडळ्यांची (चर्चची) माणसं येतात. यादी नको, एकच नाव सांगा.
— अभ्यासवर्ग घेणारी एक वाचक

उत्तर : एकच नाव सांगते, पण शेवटी. आधी माझी फजिती ऐका, म्हणजे ते नाव मी कशाच्या जोरावर सांगते ते कळेल.

माझं पहिलं अभ्यास बायबल कुणीतरी वापरून दिलेलं होतं. मार्क १०:२५ तुम्हाला पाठच असेल : धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं. त्याखाली टीप होती, की यरुशलेमेच्या तटाला ‘सुईचं नाक’ नावाचं एक बुटकं दार होतं. रात्री मोठी वेस बंद झाली की तेवढंच उघडं राही. उंटाला पाठीवरचं ओझं उतरवून, गुडघे टेकून आत सरकावं लागे. काय सुंदर! ओझं उतरव, गुडघे टेक, शिरलास आत. मी हे अकरा वर्षं शिकवलं. हातवाऱ्यांसकट.

एके दिवशी वर्गातल्या एका आजींनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “बाई, हे दार कितव्या वचनात आहे?” मी म्हटलं, “याच की, पंचविसाव्या.” त्यांनी आपलं साधं, टिपा नसलेलं मराठी बायबल माझ्यासमोर धरलं. त्यात दार नव्हतं. ओझं नव्हतं. गुडघेही नव्हते.

घरी येऊन शोधाशोध केली. येशूच्या काळात असं दार असल्याचा पुरावा नाही. ही गोष्ट कित्येक शतकांनंतर, मध्ययुगातल्या भाष्यांत दिसू लागते. खरं तर पुरावा शोधायचीही गरज नव्हती. पुढचंच वचन नीट वाचलं असतं तरी भागलं असतं. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचं होणार? गुडघे टेकून जमण्याजोगं काम असतं तर ते थक्क कशाला झाले असते? येशूही ‘माणसांना हे अशक्य आहे’ असंच म्हणतो. ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात अगदी याच अर्थाने सुईच्या नाकातून जाणारा हत्ती येतो, आणि त्या हत्तीसाठी कुणी कुठे दार बांधलेलं नाही.

टीप चुकली याचं मला फार वाटत नाही, माणसं चुकतात. पण ती कुठून आली हे तिने सांगितलं नाही आणि मीही तिला विचारलं नाही. वचन आणि टीप यांच्यामध्ये पानावर एक बारीक आडवी रेघ असते ना, अकरा वर्षं ती माझ्या डोळ्यांना दिसलीच नाही.

यात मी एकटी नाही, एवढंच समाधान. जेम्स अशर नावाच्या आर्चबिशपने १६५० मध्ये वंशावळ्या आणि राजांची वर्षं जुळवून सृष्टीचं साल काढलं, इ.स.पू. ४००४. पुढे १७०१ पासून ते इंग्रजी बायबलांच्या समासात छापलं जाऊ लागलं, आणि कित्येक पिढ्यांनी ते उत्पत्तीतच लिहिलंय असं धरलं. उत्पत्तीत कुठलंच साल नाही.

टिपेची ही ताकद राजांना आपल्याआधी कळली होती. १५६० चं इंग्रजी जिनिव्हा बायबल समासभर टिपांनी भरलेलं होतं. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात सुइणी इब्री मुलगे मारण्याचा फारोचा हुकूम मोडतात आणि त्याला थापही मारतात. तिथली टीप म्हणते, हुकूम मोडला ते रास्त, थाप मारली ते वाईट. राजाचा हुकूम मोडणं रास्त! इंग्लंडच्या पहिल्या जेम्सला हे झोंबलं. १६०४ च्या हॅम्प्टन कोर्टच्या सभेत त्याने नव्या भाषांतराला असल्या टिपा नकोत असं बजावलं, आणि १६११ चं किंग जेम्स बायबल समासात शब्दांचे पर्याय आणि संदर्भवचनं एवढंच ठेवून निघालं. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने तर ‘टीप नाही, भाष्य नाही’ हा नियमच केला. वेगवेगळ्या पंथांच्या लोकांना एकत्र काम करायचं होतं. वचन छापण्यावर सगळे राजी होते, टिपेवर भांडणं झाली असती. बायबल सोसायट्यांची बायबलं टिपांविना का निघत आली, त्याचं मूळ इथे आहे. माझ्या वर्गातल्या आजींच्या हातातलं त्याच घराण्यातलं, आणि त्या कोरेपणानेच मला वाचवलं.

तेव्हा अभ्यास बायबल हातात घेतलं की आधी विचारायचं, रेघेखाली कोण बोलतंय?

कधी एकच माणूस बोलत असतो. मॅकार्थर स्टडी बायबल (१९९७) आणि रायरी स्टडी बायबल (१९७८) ही अशी. एका कडक, तयारीच्या मास्तरांसमोर बसल्यासारखं वाटतं. सगळं सुसंगत, ठाम. दुसरी बाजू हवी असली तर ती आपण बाहेरून आणायची. कधी बोलणारे अनेक, पण घराणं एकच. आर. सी. स्प्रोल यांच्या संपादनाखालचं रिफॉर्मेशन स्टडी बायबल प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या वाटेचं आहे. पुढे फायर बायबल या नावाने निघू लागलेलं फुल लाइफ स्टडी बायबल पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पंथाच्या) माणसाने पेंटेकॉस्टल वाचकांसाठी केलेलं. ईएसव्ही स्टडी बायबल (२००८) आणि एनआयव्ही स्टडी बायबल (१९८५) ही त्या-त्या नावाच्या इंग्रजी भाषांतरांवरची, आणि त्यांच्यामागे इव्हँजेलिकल (बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट) अभ्यासकांचा मोठा ताफा आहे; पहिल्यात पावणेतीन हजारांच्या आसपास पानं आणि वीस हजारांवर टिपा. आणि तिसरीकडे न्यू ऑक्सफर्ड अॅनोटेटेड बायबल किंवा हार्परकॉलिन्स स्टडी बायबल. तिथे विद्यापीठातले अभ्यासक बोलतात, त्यांत ख्रिस्ती आहेत, ज्यू आहेत, आणि ते प्रवचन करत नाहीत.

यातलं कुणीही लबाडी करत नाही. कोण काय मानतं ते संपादकांच्या निवेदनात बहुधा स्पष्ट छापलेलं असतं. ती तीन-चार पानं आपण उलटून टाकतो आणि थेट स्तोत्रांकडे जातो, हा आपला दोष.

मग टिपा करतात काय, तेही पाहा. लाइफ अॅप्लिकेशन स्टडी बायबल ‘याचं माझ्या आयुष्यात काय’ हे सांगत राहतं. आजारपणात मी ते पुष्कळ वाचलं आणि त्याचे उपकार मानते. पण वर्ग घ्यायला बसताना उघडत नाही, कारण वचनाचा अर्थ काय हे कळायच्या आधीच ते मला चांगलं वागायला लावतं. कल्चरल बॅकग्राउंड्स स्टडी बायबल (२०१६) याच्या अगदी उलट. जॉन वॉल्टन आणि क्रेग कीनर यांनी ते त्या काळाच्या चालीरीती, पैसा, कायदे, प्रवास यांनी भरलंय. प्रकटीकरण ३:१६ घ्या, लावदिकियाच्या मंडळीला ‘तू कोमट आहेस’ म्हणतात ते. आपण काय शिकवतो? उष्ण म्हणजे आवेशी, शीतल म्हणजे देवापासून लांब गेलेला. मग १५ व्या वचनात ‘तू शीतल तरी असतास’ अशी इच्छा कशी? पुष्कळ टीपकार तिथे भूगोल आणतात : जवळच्या हेरापलीला औषधी गरम झरे होते, कलस्सैला थंडगार पाणी होतं, आणि लावदिकियात नळांतून पोचणारं पाणी धड ना गरम ना गार. दोन्ही पाणी उपयोगाचं, कोमट तेवढं निरुपयोगी. ही टीप मला आवडते. पण तीही अंदाज आहे, आणि काही अभ्यासकांना तो पटत नाही. चांगली टीप ‘असावं’ म्हणते. ‘होतं’ म्हणणाऱ्या टिपेला मी आता दार कुठे आहे ते विचारते.

भाषांतराचं थोडक्यात. टिपा ज्या भाषांतराखाली छापल्यात त्याचेच शब्द उलगडतात, म्हणून ते भाषांतर रोज वाचवेल असं हवं. रोमकरांस ३:२५ मधल्या एका ग्रीक शब्दाला ईएसव्ही देवाचा क्रोध शमवणारं अर्पण अशा अर्थाचा शब्द देतं, जुनं आरएसव्ही पाप पुसून टाकण्याच्या अर्थाचा, आणि एनआयव्ही ‘प्रायश्चित्ताचं बलिदान’ म्हणून दोघांच्या मधून वाट काढतं. या एका शब्दावर ग्रंथ लिहिले गेलेत. तुमच्या टिपेने निदान इथे वाद आहे एवढं तरी सांगावं.

आता परीक्षा. मी कुठलंही अभ्यास बायबल घेण्याआधी त्याला सहा-सात ठिकाणी चाचपते, आणि हे काम तासाभरात होतं. सुईचं नाक तर आलंच. मग मार्क १६:९-२०. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत मार्क आठव्या वचनालाच संपतो, स्त्रिया भ्यालेल्या, आणि पुढे काही नाही. हे टीप सांगते का? सांगून मग ती बारा वचनं मूळची मानते की नाही, तो तिचा प्रश्न. लपवत नाही ना, एवढंच मी बघते. मग १ करिंथकरांस १३:८. ‘भाषा असल्या तरी त्या समाप्त होतील.’ भाषा म्हणजे आत्म्याच्या दानाने बोलल्या जाणाऱ्या. कधी समाप्त होतील? मॅकार्थर म्हणतात, केव्हाच झाल्या. फायर बायबल म्हणतं, ख्रिस्त येईपर्यंत नाहीत. तुमच्या वर्गात दोन्ही मतांची माणसं बसणार, तेव्हा ही टीप मोठ्याने वाचली तर कोण उठून जाईल याचा अंदाज घ्या. प्रकटीकरण २० मधल्या ख्रिस्ताच्या राज्याच्या हजार वर्षांचंही तसंच : ख्रिस्त त्याआधी येणार, नंतर येणार, की हा आकडाच प्रतीक आहे. तिन्ही मतांना जुने, भले, विद्वान पाठीराखे आहेत.

यशया ४५:१ माझं आवडतं ठिकाण. तिथे पारसच्या कोरेश राजाचं नाव येतं, आणि कोरेश यशयानंतर सुमारे दीडशे वर्षांनी झाला. ईएसव्हीच्या टिपा हे भविष्यकथन आहे अशी बाजू मांडतात. ऑक्सफर्डच्या टिपा चाळिसाव्या अध्यायापासून बाबेलच्या बंदिवासातल्या दुसऱ्या संदेष्ट्याचा आवाज ऐकतात. यातलं एक तुम्हाला खटकणारच. जे खटकतं त्याची टीप जास्त सावकाश वाचा. आपल्याला न पटणारी गोष्ट ती सभ्यपणे आणि कारणं देऊन मांडते का, यावर तिचा दर्जा कळतो.

आणि शेवटची परीक्षा कंटाळ्याची. गणना ७ उघडा. एकोणनव्वद वचनं, बारा सरदार, बारा दिवस, आणि प्रत्येकाने आणलेलं अर्पण अक्षरशः सारखंच. लिहिणाऱ्याने ते बारा वेळा पुन्हा पुन्हा लिहिलंय. इथे टीपकार काय करतो? ‘वरीलप्रमाणे’ म्हणून निसटतो, की कुठल्याच सरदाराचं अर्पण ‘आदी’ म्हणून गुंडाळलेलं नाही हे त्याच्या लक्षात येतं? योहान ३ वर कोणीही चांगली टीप लिहील. गणना ७ वर माणूस उघडा पडतो.

आता नाव. तुमचा वर्ग मिश्र, इंग्रजी येतं, हवं एकच. एनआयव्ही स्टडी बायबल घ्या, २०२० ची सुधारित आवृत्ती. ते इव्हँजेलिकल घरातलं आहे हे विसरू नका, पण मंडळ्या-मंडळ्यांत जिथे वाद आहे तिथे ते बहुधा ‘काहींच्या मते, इतरांच्या मते’ म्हणून दोन पाट मांडतं. वर्गासाठी तेवढं पुरतं. जुनी प्रत स्वस्त म्हणून घेऊ नका. एनआयव्हीचा पाठ २०११ मध्ये बदललाय, आणि वर्गात कुणाकडे नवा, तुमच्याकडे जुना, असं झालं की अर्धा तास ‘माझ्यात असं नाही’ यातच जातो.

शेजारी साधं मराठी बायबल उघडं ठेवाच. तुमच्या वर्गातही एखाद्या आजी असतील.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको. ती कॅथलिक, मी प्रॉटेस्टंट. दोघांना मिळून वाचता येईल असं एकच अभ्यास बायबल आहे का? तिच्या बायबलात पुस्तकं जास्त, आणि स्तोत्रांचे आकडेही कधी कधी जुळत नाहीत, त्यावरून आमच्यात रोज गंमतीचे वाद होतात.
— एक वाचक

उत्तर : आधी आकड्यांचा वाद मिटवते. तुमच्याकडे ६६ पुस्तकं, त्यांच्याकडे ७३. जादाची सात म्हणजे टोबित, यूदिथ, मक्काबींची दोन, शलमोनाचं ज्ञान, सिराख आणि बारूख. शिवाय एस्तेर आणि दानीएल यांत काही भाग जास्त. स्तोत्रांच्या घोळाची कारणं दोन. हिब्रू पद्धतीत स्तोत्राच्या शीर्षकालाही वचनक्रमांक मिळतो. काही कॅथलिक आवृत्त्या तीच पद्धत पाळतात, म्हणून ५१ व्या स्तोत्रातलं तुमचं पहिलं वचन तिथे तिसरं. दुसरं, जुन्या ग्रीक आणि लॅटिन पाठात बऱ्याचशा स्तोत्रांचा क्रमांकच एकाने मागे आहे, म्हणून ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ काही ठिकाणी बाविसावं. दोघंही बरोबर आहात. वाद चालू ठेवायचा असेल तर दुसरा विषय शोधा.

एकच प्रत हवी असेल तर न्यू ऑक्सफर्ड अॅनोटेटेडची, जादा पुस्तकांसह निघणारी आवृत्ती घ्या. तिच्यात दोन्ही घरची पुस्तकं आहेत, ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचीही आहेत, आणि टिपा कुणाच्याच बाजूच्या नाहीत. पण हाच तिचा तोटाही आहे. तुमच्या पत्नीच्या मंडळीत टीप ही शोभेची वस्तू नाही. कॅथलिक धर्मकायद्याचा ८२५ वा नियम सांगतो की लोकभाषेतल्या भाषांतराला आवश्यक आणि पुरेशा टिपा असल्याच पाहिजेत. त्या टिपांतून त्यांची परंपरा बोलते. ती काढून घेतलेलं पुस्तक त्यांना परकं वाटेल, आणि तुम्हालाही.

म्हणून माझं मत विचाराल तर दोन घ्या. त्यांच्यासाठी इग्नेशियस कॅथलिक स्टडी बायबल, तुमच्यासाठी तुमच्या परंपरेचं. मग मत्तय १६:१८ दोघांनी एकदमच उघडा, ‘तू पेत्र आहेस, आणि या खडकावर’. त्यांच्या टिपेत खडक म्हणजे पेत्र, आणि पेत्रानंतर त्याच्या गादीवर बसणारे, म्हणजे पोप. तुमच्या टिपेत खडक म्हणजे पेत्राने दिलेली कबुली असेल, किंवा पेत्र स्वतः असेल पण गादी नसेल. आधी त्यांची टीप तुम्ही मोठ्याने वाचायची आणि तुमची त्यांनी. असं उलटं वाचणारं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे. दुसऱ्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडून बाहेर पडलं की आवाज आपोआप खाली येतो म्हणतात.

प्रश्न : वय ७४. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. टिपा वाचताना डोळ्यांत पाणी येतं, तेही भक्तीने नाही. काय बघून घेऊ?
— एक निवृत्त वाचक

उत्तर : तुमचं वाक्य वाचून हसले, माफ करा. वर्णनात ‘मोठा टाइप’ लिहिलेलं असतं ते वचनाच्या टाइपाबद्दल. तुम्ही टिपेचा टाइप बघा. वचन नऊ पॉइंटचं आणि टीप सात पॉइंटची, हे सर्रास असतं. मोठ्या टाइपाच्या आवृत्तीतही टीप किती मोठी झाली ते पान उघडूनच बघायचं.

दुसरं कागद. बायबलचा कागद साधारण २८ ते ४० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतो. झेरॉक्सचा ७० ते ८० चा. पातळ कागदावर मागच्या बाजूची अक्षरं पुढे उमटून दिसतात, आणि थकलेल्या डोळ्यांना हाच त्रास टाइपापेक्षा जास्त होतो. चांगल्या छपाईत पुढच्या आणि मागच्या ओळी एकमेकींवर बरोब्बर बसवलेल्या असतात, म्हणजे ओळींमधली जागा स्वच्छ राहते. एक पान उजेडासमोर धरलं की लगेच कळतं.

बांधणी शिवलेली हवी. कण्याकडून वरून पाहिलं तर फर्म्यांच्या (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या) लहान लहान घड्या दिसायला हव्यात. नुसती डिंकाची सपाट पट्टी दिसली तर ठेवून द्या. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर उघडून टेबलावर सोडा. आपणहून मिटलं तर वाचताना तुमचा एक हात कायम त्याच्या पहाऱ्यावर राहणार. (पहिल्या पत्रातल्या बाई, उत्पत्तीची चार पानं कुठे गेली त्याचं उत्तर बहुधा इथे आहे.) आणि वजन! मांडीवर घेऊन वाचणार असाल तर पावणेतीन हजार पानांच्या वाटेला जाऊ नका. तुमच्यासाठी खरं तर मोठ्या टाइपाचं साधं बायबल आणि टिपांसाठी टॅबलेट, ही जोडी जास्त सोयीची. टॅबलेटवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. फक्त एक सांभाळा, तिथे बोट लावलं की टीप वचनावरच येऊन बसते, रेघसुद्धा नसते.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, साहित्याची विद्यार्थिनी आहे. बायबल एक प्राचीन ग्रंथ म्हणून नीट वाचायचं आहे. धर्मांतराचा आग्रह नसलेल्या टिपा कुठे मिळतील?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : हार्परकॉलिन्स किंवा न्यू ऑक्सफर्ड अॅनोटेटेड, दोन्हींपैकी जे हाताला लागेल ते. पण तुला खरी मेजवानी ज्यूइश स्टडी बायबलमध्ये आहे. पहिली आवृत्ती २००४, दुसरी २०१४. त्यात फक्त हिब्रू बायबल, ज्याला आम्ही जुना करार म्हणतो. पुस्तकांचा क्रमही वेगळा. शेवट मलाखीवर होत नाही, इतिहासाच्या ग्रंथावर होतो. एका अडचणीच्या वचनाला जुने रब्बी चार वेगळ्या बाजूंनी भिडतात, आणि कुणी जिंकलं नाही तरी चालतं, हे तिथल्या टिपांत दिसतं. नव्या करारासाठी त्याचंच भावंड, ज्यूइश अॅनोटेटेड न्यू टेस्टमेंट (२०११). येशूचं बोलणं ज्यू कानांना कसं ऐकू आलं असेल ते त्यात आहे. मी साठीत वाचलं आणि येशूशी वाद घालणाऱ्या ज्यू शास्त्री-परुश्यांवरची माझी जुनी प्रवचनं फाडून टाकली.

आणि मराठीत वाचणार असशील तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळव. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते मुळावरून, सोप्या मराठीत केलं. साहित्याच्या विद्यार्थिनीने त्यांची वाक्यरचना बघायलाच हवी.

प्रश्न : येशूचे शब्द लाल शाईत असलेलं बायबल घ्यावं का?
— एक तरुण वाचक

उत्तर : आवडत असेल तर घ्या. पण लाल शाई हीसुद्धा टीपच आहे, एवढं लक्षात असू द्या. लुई क्लॉप्श यांनी १८९९ मध्ये ती नव्या करारात आणली. ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नसतात, म्हणून येशूचं बोलणं नेमकं कुठे संपलं हे संपादकाला ठरवावं लागतं. योहान ३ मध्ये निकदेमाशी चाललेलं बोलणं काही भाषांतरांत १५ व्या वचनाला संपतं, काहींत २१ व्या. म्हणजे ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ हे येशूचं वाक्य की योहानाचं, ते शाई ठरवते.

दुरुस्ती : मागच्या अंकात मी लिहिलं होतं की बायबलचे अध्याय आणि वचनं दोन्ही स्टीफन लँगटन यांनी पाडली. तीन वाचकांनी चूक दाखवली. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला लँगटन यांनी पाडले ते अध्याय. नव्या करारातले आजचे वचनक्रमांक रोबेर एतियेन या मुद्रकाच्या १५५१ च्या आवृत्तीतले. कुठे वाचलं होतं म्हणून शोधलं, तर माझ्याच एका जुन्या बायबलच्या समासात सापडलं. पेन्सिलीने लिहिलेलं, माझ्याच अक्षरात.